वाळवीच्या पोटातली वस्ती कशी पाहायची: चिमट्यापासून काँगो रेडपर्यंत

पहिल्यांदा वाळवीचं पोट फाडून मायक्रोस्कोपखाली धरलं तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. मातीचे कण दिसले, इकडून तिकडे पळणारे जिवाणू दिसले, पण पुस्तकात वर्णन केलेले ते केसाळ, डुलत चालणारे आदिजीव, म्हणजे जिवाणूंहून मोठे एकपेशीय जीव, औषधालाही नव्हते. तीन दिवस मी सलाइन बदललं, स्लाइडा बदलल्या, शेवटी मायक्रोस्कोपलाच नावं ठेवली. दोष वाळवीचा होता, खरं तर वाळवी निवडणाऱ्याचा. मी ती वारुळातून आणली होती, आणि वारुळातल्या त्या वाळवीच्या पोटात हे आदिजीव मुळात नसतातच.

म्हणून या लेखाची पहिली पायरी मायक्रोस्कोप नाही.

आधी वाळवी ओळखा

आपल्याकडे बांधावर, झाडाच्या सालीवर मातीचे पापुद्रे चढवणारी, मोठी वारुळं उभी करणारी वाळवी बहुतेक वेळा ओडोंटोटर्मिस असते. ती लाकूड, पाला, वाळलेली साल सगळं खाते, पण पचवायचं मोठं काम तिने बाहेर दिलेलं आहे. वारुळाच्या पोटात ती टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. पावसाळ्यात कोकणात वारुळांवर उगवणारी आणि गोव्यात सोन्याच्या भावाने विकली जाणारी अळंबी म्हणजे याच बुरशीची छत्री. ओडोंटोटर्मिसच्या आतड्यात जिवाणू भरपूर असतात, मात्र लाकूड गिळणारे मोठे आदिजीव नसतात.

ते हवे असतील तर घरात शिरलेली वाळवी शोधा. दाराची चौकट, जुनं कपाट, तळघरातली पुठ्ठ्याची खोकी. इथे कोप्टोटर्मिस किंवा हेटेरोटर्मिस सापडण्याची शक्यता असते. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत कोरड्या लाकडातली क्रिप्टोटर्मिसही मिळते. ती मातीची नळी बांधत नाही. तिची खूण म्हणजे फर्निचरखाली रव्यासारखी पडणारी विष्ठा. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात.

ओळख पटवायची ती सैनिकावरून, कारण कामकरी वाळव्या सगळ्या सारख्याच दिसतात. चार-पाच सैनिक पांढऱ्या कागदावर घ्या आणि दहापट भिंगातून बघा. डोकं पिवळसर, पेरूसारखं पुढे निमुळतं, आणि काडीने डिवचल्यावर कपाळावर दुधासारखा पांढरा थेंब आला, तर ती कोप्टोटर्मिस. डोकं लांबट आयताकृती, दोन्ही कडा समांतर आणि थेंब नाही, तर बहुधा हेटेरोटर्मिस. डोकं गडद, अंडाकृती आणि डाव्या जबड्याला ठळक दात असेल तर ती ओडोंटोटर्मिस. ती फेकून देऊ नका, तुलनेला लागेल.

आंब्याच्या खोडातल्या भिरुडाचं काय, असं कोकणातले विद्यार्थी हमखास विचारतात. भिरूड म्हणजे भुंग्याची अळी. तिचं आतडं बोटाएवढं, फाडायला सोपं, आणि त्यातही जिवाणू असतात. पण फ्लॅजेलेट (शेपटीसारख्या केसांनी पोहणारे) आदिजीव, त्यांच्या आत जिवाणू, त्यांच्या अंगावर पुन्हा जिवाणू अशी तीन मजली वस्ती पाहायची असेल तर वाळवीला पर्याय नाही.

पकडणं आणि सांभाळणं

पेस्ट कंट्रोलचा फवारा बसलेल्या जागेवरची वाळवी घेऊ नका. ती जिवंत दिसली तरी दोन दिवसांत मरते आणि तुम्ही कारण शोधत बसता. लाकडाचा तुकडाच उचलून आणणं उत्तम. ते जमत नसेल तर नाळीदार पुठ्ठ्याची गुंडाळी भिजवून वाळवीच्या मातीच्या नळीच्या तोंडाशी ठेवा आणि वर काळं प्लास्टिक झाका. आठवडाभरात पुठ्ठा भरतो.

घरी आणल्यावर पेट्री डिशमध्ये, नाहीतर झाकणाच्या चपट्या डब्यात ओलसर फिल्टर पेपर पसरा. ओलसर म्हणजे पिळून काढलेल्या फडक्याइतका. डिश तिरकी केल्यावर पाणी वाहिलं तर वाळव्या बुडून मरतील. पन्नास कामकरी, चार-पाच सैनिक, अंधार आणि २६ ते २८ अंश सेल्सियस तापमान. फिल्टर पेपर हे त्यांचं अन्नही आहे, तेव्हा वेगळं काही घालायला नको. बुरशी दिसली की लगेच डिश बदला.

साहित्य

यादी छोटी आहे: दोन टोकदार चिमटे, स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, व्हॅसलीन, ४० च्या ऑब्जेक्टिव्हचा मायक्रोस्कोप आणि सलाइन. सलाइन ०.६ टक्के लागतं. मेडिकलमध्ये मिळणारं नॉर्मल सलाइन ०.९ टक्के असतं, म्हणून त्याचे दोन भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचा एक भाग मिसळायचा. साध्या पाण्यात आदिजीव फुगून फुटतात.

एक गोष्ट मात्र टाळू नका. हे सलाइन दहा मिनिटं उकळा आणि छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच लावून गार करा. उकळल्याने त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. त्याचं महत्त्व कळायला आतड्याची रचना समजून घ्यावी लागते. वाळवीच्या आतड्याचा मागचा भाग पिशवीसारखा फुगीर असतो आणि लाकडाचं खरं आंबवण तिथेच होतं. पिशवी इतकी लहान की तिच्यात जेमतेम एक मायक्रोलिटर द्रव मावतो. एवढ्या छोट्या पिशवीत बाहेरून ऑक्सिजन सतत झिरपत असतो. १९९५ साली ब्रून, इमर्सन आणि ब्रेझनॅक यांनी केसाहून बारीक इलेक्ट्रोड आतड्यात घालून मोजलं, तेव्हा ऑक्सिजन भिंतीपासून १५० ते २०० मायक्रॉनपर्यंतच आत पोचतो असं दिसलं. कडेला राहणारे जिवाणू तो वापरून टाकतात आणि मधला भाग बिनऑक्सिजनचा राहतो. आदिजीव राहतात ते तिथे. पोट फाडलं की हे सगळं मोडतं आणि घड्याळ सुरू होतं. उकळलेल्या सलाइनने तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं जास्त मिळतात.

फाडणी

कामकरी निवडताना पोटाकडे बघा. पोटाची कातडी अर्धपारदर्शक असते आणि आतला तपकिरी-करडा ऐवज बाहेरून दिसतो. पोट दुधासारखं पांढरंशुभ्र असेल तर ती वाळवी नुकतीच कात टाकलेली असते. कात टाकताना आतड्याच्या मागच्या भागाचं अस्तरही जातं आणि त्याबरोबर वस्तीही. मग ती सोबतिणीच्या गुदद्वारातून बाहेर येणारा थेंब चाटून सगळं पुन्हा मिळवते. किळस करू नका, या एका सवयीवर तिचं पचन उभं आहे.

निवडलेली वाळवी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ती सुस्त पडते. स्लाइडवर सलाइनचा एक थेंब टाका आणि वाळवी त्याच्या शेजारी ठेवा. डाव्या हातातल्या चिमट्याने छातीशी धरा. उजव्या चिमट्याने पोटाचं अगदी शेवटचं टोक पकडा आणि सरळ रेषेत, सावकाश ओढा. झटका दिला तर आतडं मध्येच तुटतं. नीट जमलं तर ओल्या दोऱ्यासारखं सगळं आतडं बाहेर येतं आणि त्यात एक जागा गव्हाच्या फुगलेल्या दाण्यासारखी दिसते. तीच ती पिशवी. बाकीचं बाजूला सारा, पिशवी थेंबात ढकला आणि सुईने एकदाच टोचा. धूर सुटावा तसा गढूळ ढग थेंबात पसरतो.

कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना खाली व्हॅसलीनचा मोहरीएवढा ठिपका लावा, मग अलगद टेकवा. हे पाय नसतील तर काचेच्या वजनाने सर्वांत मोठे आदिजीव चिरडतात, आणि आपण नेमके तेच पाहायला बसलेलो असतो. पहिल्या पाच-सहा वाळव्या वाया जातील, तेवढ्या जास्तीच्या घ्या.

काय दिसतं

आधी १० चं ऑब्जेक्टिव्ह. कंडेन्सर खाली घ्या, डायफ्रॅम बराच बंद करा. भरपूर उजेडात हे जीव काचेसारखे पारदर्शक होऊन नाहीसे होतात, आणि नवशिक्यांचा हात नेमका उजेड वाढवण्याकडे जातो. आता चौकटीत जत्रा दिसेल. कोप्टोटर्मिसमध्ये तीन प्रकार शोधायचे. सर्वांत मोठा स्यूडोट्रायकोनिम्फा, लांबट आणि अंगभर हजारो कशाभिका, म्हणजे पोहायचे बारीक केस, असलेला. तो दोनशे मायक्रॉन किंवा अधिक लांब असतो. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली साधारण ४५० मायक्रॉनचं क्षेत्र दिसतं, म्हणजे हा एकटाच जवळजवळ अर्धी चौकट अडवतो. होलोमॅस्टिगोटॉइडिसच्या अंगावर कशाभिकांच्या ओळी मळसूत्रासारख्या फिरलेल्या दिसतात. तिसरा स्पायरोट्रायकोनिम्फा, सर्वांत लहान आणि चपळ. त्यांच्या पोटात दिसणारे टोकदार पिवळट तुकडे म्हणजे तुमच्या चौकटीचं लाकूड.

४० वर गेलात की आदिजीवांच्या मधली मोकळी जागा मोकळी नाही हे कळतं. ती सगळी वळवळत असते. त्यात बूच काढायच्या स्क्रूसारखे, स्वतःभोवती गिरक्या घेत सरकणारे बारीक धागे दिसले की थांबा, ते स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्री जिवाणू. डायफ्रॅम आणखी थोडा बंद करा. कंडेन्सरखाली फिल्टरच्या जागी काळ्या कागदाची गोल चकती ठेवली तर काळ्या पार्श्वभूमीवर ते चमकतात. १० वर ही युक्ती हमखास जमते, ४० वर चकतीचा आकार दोन-तीनदा बदलावा लागतो.

हे स्पायरोकीट नुसते प्रवासी नाहीत. आदिजीव लाकूड आंबवतात तेव्हा अॅसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. १९९९ साली लेडबेटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वाळवीतले काही स्पायरोकीट त्या हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून आणखी अॅसिटेट बनवतात. वाळवी जगते ती मुख्यतः या अॅसिटेटवर. लाकडात नायट्रोजन नगण्य असतो, तोही हवेतून पकडून देणारे जिवाणू या वस्तीत आहेत. स्यूडोट्रायकोनिम्फाच्या पेशीच्या आत राहणारा एक जिवाणू हे काम करतो, हे तैवानी वाळवी म्हटल्या जाणाऱ्या कोप्टोटर्मिस फॉर्मोसानसमध्ये २००८ साली सिद्ध झालं. तो आपल्या साध्या मायक्रोस्कोपला दिसणार नाही, पण त्याचं घर तुमच्यासमोर पोहत असतं.

मोबाइलने व्हिडिओ लगेच घ्या. वीस मिनिटांनी मोठे आदिजीव गोल होतात, मंदावतात आणि फुटतात.

अजून एक सोपी गंमत. जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची ध्रुवीकरण करणारी फिल्म काढून तिचे दोन तुकडे करा. एक स्लाइडखाली, एक आयपीसवर. वरचा तुकडा फिरवत फिरवत चौकट पूर्ण काळी होऊ द्या. लाकडातलं स्फटिकरूप सेल्युलोज त्या काळोखात चमकतं. आदिजीवाच्या पोटातले तुकडे दिव्यासारखे उजळले की तो लाकूड गिळतो हे विद्यार्थ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

कायमची स्लाइड हवी असेल तर ग्राम स्टेन नेहमीच्या पद्धतीने करा: पातळ लेप हवेत वाळवून, ज्योतीवरून हलकेच फिरवून, क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोल दहा-पंधरा सेकंद, सॅफ्रानिन एक मिनिट. स्पायरोकीट यात फिके येतात किंवा येतच नाहीत. त्यावरून ते नव्हते असा निष्कर्ष काढू नका.

प्लेटवर वाढवणं, आणि इथे होणारी फसगत

हा भाग प्रयोगशाळेतच करा, घरी नाही. वाळवीच्या पोटातून सेल्युलोज पचवणारे जिवाणू वेगळे करणे हा एम.एस्सी.चा लाडका प्रकल्प आहे. दरवर्षी असे दोन-तीन अहवाल माझ्यापुढे येतात आणि बहुतेकांत एकच छिद्र असतं.

आधी कृती. २०० मि.लि. माध्यमासाठी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (सीएमसी) २ ग्रॅम, अगार ३ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.१ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.१ ग्रॅम. सेल्युलोजची पूड गरम पाण्यात ढवळत ढवळत चिमटीने सोडा. एकदम ओतली तर पिठल्यात व्हाव्यात तशा गुठळ्या होतात आणि त्या ऑटोक्लेव्हमध्येही मोडत नाहीत. १२१ अंशांवर १५ मिनिटं निर्जंतुक करून प्लेट ओता.

वाळव्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट बुडवा, मग निर्जंतुक सलाइनने तीनदा धुवा. दहा वाळव्यांची आतडी काढून एक मि.लि. सलाइनमध्ये चिरडा, दहापटींनी विरळ करत जा आणि ०.१ मि.लि. पसरवा. ३० अंशांवर तीन ते पाच दिवस. वाढलेल्या वसाहती आधी दुसऱ्या प्लेटवर उचलून ठेवा, मग मूळ प्लेटवर ०.१ टक्का काँगो रेड, म्हणजे सेल्युलोजला चिकटणारा लाल रंग, ओता. पंधरा मिनिटांनी ते काढून एक मोलर मिठाच्या पाण्याने धुवा. सेल्युलोज खाल्लेल्या जागी लाल पार्श्वभूमीवर फिकट कडं दिसतं. काँगो रेडला हातमोज्यांशिवाय हात लावू नका, तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे.

आता छिद्र. तिसऱ्या धुण्याचं पाणी स्वतंत्र प्लेटवर पसरलं का? एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात आम्ही ते उशिरा केलं. धुण्याच्या पाण्याच्या या कंट्रोल प्लेटवर आणि आतड्याच्या प्लेटवर तीच सुरकुतलेली, पांढरट बॅसिलस जिवाणूची वसाहत, तेवढंच फिकट कडं. बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत आणि माती लागलेल्या वाळवीच्या अंगावर ते असणारच. सहा महिन्यांचं काम तिथे थांबलं. तेव्हा ही प्लेट पहिल्या दिवशी लावा, शेवटच्या नाही.

दुसरं असं की उघड्या हवेत वाढलं ते त्या वस्तीतलं मुख्य नव्हे. ऑक्सिजन चालणारे थोडके, कडेला राहणारे वाढतात. बिनऑक्सिजनच्या वाढीसाठी गॅस पॅकची अॅनॅरोबिक बरणी लागते. मेणबत्ती लावलेल्या बरणीत ऑक्सिजन संपत नाही, फक्त कमी होतो. आणि तिसरं म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हे लाकूड नाही. ते रसायनाने मऊ केलेलं, पाण्यात विरघळणारं सेल्युलोज आहे. फिकट कडं दिसलं तर ‘सीएमसी तोडणारा एंझाइम आहे’ एवढंच लिहा. लिग्निन हा लाकडातला वेगळाच, चिवट घटक; ‘लिग्निन विघटन’ हा शब्द त्या अहवालात येण्याचं काही कारण नाही. स्वतः वाळवीही सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारा एंझाइम, बनवते, हे १९९८ पासून माहीत आहे.

चांगला, वेगळा जिवाणू हाती लागलाच तर तो डीप फ्रीझरच्या तळाशी हरवू देऊ नका. पुण्यात नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला (एनसीएल) एनसीआयएम हा जिवाणूंचा संग्रह आहे. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

डीएनए काढून १६एस क्रमवारी (जिवाणू ओळखायच्या जनुकाची अक्षरं वाचणं) करणार असाल तर तीस-चाळीस आतडी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये उणे २० अंशांवर जमवा. डीएनए काढताना मण्यांनी घुसळणं वगळू नका, आणि नमुना न घातलेली एक कोरी नळी सुरुवातीपासून सोबत न्या. वाळवी आणि झुरळांच्या आतड्यांसाठी खास बनवलेला डिक्टडीबी हा संदर्भसंच वापरला तर नावं अधिक नेमकी लागतात. निकालात स्पायरोकीट आणि बॅक्टेरॉइडेट्स ठळक दिसायला हवेत. नुसते एन्टरोबॅक्टर आणि स्यूडोमोनास वर आले तर आनंदून जाऊ नका, नमुना बिघडला असण्याचीच शक्यता जास्त.

शेवटचा प्रयोग: वस्ती घालवा, मग परत आणा

१९२०च्या दशकात अमेरिकेत एल. आर. क्लीव्हलंड यांनी वाळव्यांना दाबाखाली ऑक्सिजन देऊन आतले आदिजीव मारले. वाळव्या लाकूड खात राहिल्या आणि भरल्या पोटी उपाशी मेल्या. ऑक्सिजनचं सिलिंडर न आणता याची छोटी आवृत्ती करता येते.

साठ कामकरी ०.०५ टक्के नाइल ब्लू लावून वाळवलेल्या, पुन्हा ओलसर केलेल्या फिल्टर पेपरवर आठवडाभर ठेवा. रंग अंगातल्या चरबीत उतरतो आणि वाळव्या निळ्या दिसू लागतात. तीन निळ्या वाळव्या फाडून आदिजीव ठाकठीक असल्याची खात्री करा, कारण काही वेळा रंगच त्यांना बाधतो. मग उरलेल्यांना ओलसर, धुतलेल्या वाळूवर ठेवा. खायला काहीही नाही. दर दोन दिवसांनी तीन फाडा आणि तिन्ही प्रकारचे आदिजीव वेगवेगळे मोजा. सहसा मोठे आधी कमी होतात. मेलेल्या वाळव्या लगेच काढा, नाहीतर इतर त्या खातील आणि उपवास मोडेल.

मोठे दिसेनासे झाले की दहा निळ्या वाळव्या साध्या, धडधाकट वाळव्यांच्या डिशमध्ये सोडा. दुसऱ्या दिवसापासून रोज एक निळी फाडा. निळी वाळवी पांढरीच्या मागे जाऊन तिच्या पोटाचं टोक मिशांनी थापटताना दिसली तर तिथेच भिंग धरून बसा. थेंब बाहेर येतो तो क्षणभरच, आणि निळी तो लगेच टिपते. नंतर कुठल्या दिवशी कुठला आदिजीव परत दिसला ते वहीत मांडा. उरलेल्या वाळव्या अल्कोहोलमध्ये टाका. मी एकदा दयेपोटी खिडकीखालच्या कुंडीत सोडल्या होत्या, आणि पुढच्या पावसाळ्यात खिडकीची चौकट बदलली.